बिंगो, हौजी आणि आकडा



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत चार ओळी लिहाव्यात, अशी मला आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चूल, मूल आणि हंगामात वावर, यांतच दिवस मावळतो. तेव्हा विद्वत्तेचा आव आणावा असे मजजवळ काही नाही. परंतु एका शब्दाने मला काही महिने चांगलेच भंडावून सोडले आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हाताशी धरून मी त्याची हकीकत जमविली. तो शब्द म्हणजे ‘बिंगो’.

हा शब्द आज कोणाच्या तोंडी नाही? दुकानात धाकटा हट्ट धरतो तो बिंगोच्या पुडीसाठी. आयटीसी कंपनीने 2007 साली या नावाने चटकदार पदार्थ बाजारात आणले, आणि आता आपल्या मारेगावच्या पानठेल्यावरही त्या पुड्यांच्या माळा लोंबताना दिसतात. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना विचाराल तर ती सांगतील की बिंगो हे एका शेतकऱ्याच्या कुत्र्याचे नाव. त्या गाण्यात नावाचे एकेक अक्षर गाळून त्याच्या जागी टाळी वाजवावयाची असते. मनात धरलेली गोष्ट खरी निघाली की तरुण मुले ‘बिंगो!’ असे ओरडतात. आणि आपण बायका ज्याला हौजी म्हणतो, त्या आकड्यांच्या खेळालाही परदेशात बिंगोच म्हणतात.

मला प्रथम वाटले, आपल्या ‘बिंग’ शब्दाशी याचे काही नाते असावे. ‘त्याचे बिंग फुटले’ असे आपण म्हणतो ना? पण तसे काही नाही. बिंग आपले, बिंगो त्यांचा. नुसता आवाज सारखा. मात्र पुढे वाचाल तेव्हा ध्यानात येईल की दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवण्यात अगदीच गैर नाही.

मूळ इंग्रजीतही हा शब्द एका ठिकाणी टिकून राहिलेला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील चोरांच्या व भामट्यांच्या बोलीचा एक कोश निघाला. त्यात बिंगोचा अर्थ ब्रँडी, म्हणजे दारू, असा दिला आहे. पुढे अठराव्या शतकात तो गाण्यातला कुत्रा झाला. लढाऊ विमानांचे वैमानिक बिंगो म्हणतात तेव्हा अर्थ होतो, इंधन आता एवढेच उरले की माघारी फिरलेच पाहिजे. अमेरिकेत अक्षरे जुळवून शब्द करण्याचा एक खेळ आहे. त्यात हातातली सातही अक्षरे एका डावात लागली तर त्यालाही बिंगो म्हणतात आणि पन्नास गुण जास्तीचे देतात. दारू, कुत्रा, इंधन, अक्षरे! रिकाम्या गडूसारखा हा शब्द आहे. ज्याने जे ओतले ते त्यात राहिले. म्हणून केवळ शब्द ऐकून तो चांगला की वाईट हे ठरविता येत नाही. ओतणाराचा हात पाहावा लागतो. खेळाच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे.

या खेळाचा जन्म इटली देशातला. तेथे 1530 च्या सुमारास आकड्यांची सरकारी सोडत सुरू झाली. लोकांनी आकड्यावर पैसे लावावेत आणि नफा राजाच्या तिजोरीत जावा, अशी ती योजना. पुढे 1734 साली नेपल्स शहरात या सोडतीवरून राजा आणि एक धर्मगुरू यांच्यात मोठा वाद झाला, अशी कथा तिकडे सांगितली जाते. राजा म्हणे, मी बंद केली तर लोक चोरून खेळतील आणि माझे उत्पन्न बुडेल. धर्मगुरू म्हणे, यामुळे लोक देवाधर्मापासून दूर जात आहेत. अखेर तडजोड झाली, ती अशी की निदान नाताळाच्या आठवड्यात तरी सोडत बंद राहावी. पण खेळाची चटक लागलेले लोक! त्यांनी घरच्या घरी टोपलीत आकडे घातले, पाट्या केल्या, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे मिळून खेळू लागले. टोपलीतले आकडे खाली वर कोलांट्या खातात, म्हणून कोलांटीच्या इटालियन शब्दावरून त्याचे नाव पडले तोंबोला. तोच आपला तंबोला.

भगिनींनो, ही कथा मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. आकडे तेच, टोपली तीच. बाहेर चौकात पैसा तिजोरीत जाई. घरात तो फिरून घरातच राही. एकाच खेळाचे हे दोन रस्ते तेथेच फुटले, आणि ते अजूनही वेगळेच चालत आहेत.

नेपल्सच्या लोकांनी प्रत्येक आकड्याला एक अर्थही दिला आहे. बावीस म्हणजे वेडा, तेहतीस म्हणजे येशूच्या वयाची वर्षे, नव्वद म्हणजे भय. स्वप्नात जे दिसेल त्याचा आकडा काढून लोक त्यावर पैसे लावीत. माणसाचे मन सगळीकडे सारखेच! पुढे जर्मनीतील लोकांनी याच खेळाच्या पाट्यांवर पाढे, शब्द व प्राण्यांची चित्रे छापून मुलांना शिकविण्याच्या कामी त्याचा उपयोग केला. म्हणजे जुगाराची वस्तू शाळेत बसली.

आपल्याकडे हा खेळ आला तो इंग्रजांच्या लष्कराबरोबर. त्यांच्या पायदळात त्याला ‘हाउस’ किंवा ‘हाउसी-हाउसी’ म्हणत आणि आरमारात ‘तंबोला’ म्हणत. पैसे लावून खेळण्याचे इतर खेळ शिपायांना मना असत, पण याला मोकळीक होती. पुणे, देवळाली, कामठी अशा छावण्या आपल्या मुलखात होत्याच. इंग्रज गेले, पण छावणीच्या क्लबातून रेल्वेच्या आणि कंपन्यांच्या क्लबात, तेथून शहरातल्या वसाहतींत, गणेशोत्सवात आणि शेवटी हळदीकुंकवात हा खेळ येऊन बसला. सगळे आकडे भरले म्हणजे घर भरले, म्हणून ‘फुल हाउस’. त्या हाउसचे आपण हौजी केले. मला तर कितीतरी वर्षे वाटे की हौसेने खेळतात म्हणून हौजी! मूळ ते नसले तरी हा अर्थ मला अजूनही आवडतो.

शिपाई लोक आकडा पुकारताना थट्टाही करीत. अकरा म्हणजे दोन पाय. अठ्ठ्याऐंशी म्हणजे दोन जाड्या बायका, कारण इंग्रजी आठाचा आकार तसाच गोल गरगरीत. नऊ आला की ‘डॉक्टरचा हुकूम’ असे ओरडत. याचे कारण ऐकून मला हसू आवरेना. लष्करी डॉक्टर कोणत्याही दुखण्यावर नऊ नंबरची गोळी देत, आणि ती होती जुलाबाची!

आता बिंगो हे नाव खेळाला कसे पडले, ते पाहू. अमेरिकेत 1929 साली एडविन लो नावाचा खेळण्यांचा व्यापारी एका जत्रेत गेला. तेथे लोक पाटीवरील आकड्यांवर वालाचे दाणे ठेवून हा खेळ खेळत होते. इंग्रजीत दाण्याला ‘बीन’ म्हणतात, म्हणून खेळाचे नाव होते ‘बीनो’. लोने घरी मित्रमंडळींना बोलावून तो खेळून पाहिला. तेव्हा एका मुलीचे आकडे पूर्ण झाले आणि आनंदाच्या भरात बीनोऐवजी तिच्या तोंडून बिंगो निघाले, अशी हकीकत आहे. व्यापाऱ्याने ते नाव उचलले आणि खेळ बाजारात आणला. थोड्याच दिवसांत तेथील देवळे, म्हणजे चर्चे, धर्मादायासाठी हा खेळ ठेवू लागली. पण गर्दी वाढली तशी एकाच वेळी अनेकांची घरे भरू लागली. तेव्हा लोने कार्ल लेफलर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाकडून एकमेकींशी न जुळणारी सहा हजार पत्रके करून घेतली, असे सांगतात. ज्या खेळात बुद्धी लागत नाही असे आपण म्हणतो, त्याची पत्रके करण्यास किती बुद्धी लागली पाहा! अमेरिकेतील पत्रक पाच बाय पाच घरांचे आणि आकडे पंच्याहत्तर. आपले तिकीट तीन ओळींचे, सत्तावीस घरांचे. प्रत्येक ओळीत पाच, असे एकंदर पंधरा आकडे, आणि पुकारा एक ते नव्वद.

इंग्लंडात 1960 सालच्या कायद्याने या खेळाला धंदा म्हणून परवानगी मिळाली आणि 1961 पासून त्याची मोठमोठी सभागृहे निघाली. घरोघर टेलिव्हिजन आल्याने जी सिनेमाघरे ओस पडली होती, त्यांतली पुष्कळशी बिंगोची झाली. तेथे जाणारांत भरणा कष्टकरी बायकांचा. पुरुषांना दारूचे गुत्ते होते, बायकांना घराबाहेर चार घटका बसण्यास जागा नव्हती. ती बिंगोने दिली. हे वाचून मला आपल्या मंडळाची आठवण झाली. आपणही दर महिन्याला येतो ते काय फक्त भिशीसाठी? उंबऱ्याबाहेर आपली म्हणून एक सतरंजी असावी, यासाठीच ना? मात्र तेथील सभागृहे धंदा करीत आणि तिकिटांच्या पैशांतला वाटा मालकाकडे जाई, हेही विसरून चालत नाही.

येथपर्यंत परदेशच्या गोष्टी झाल्या. आता आपल्या घरची, कापसाची गोष्ट सांगते.

मारेगाव-वणीकडच्या आपणा लोकांचे जिणे पऱ्हाटीवर. कापूस वेचावा, विकावा आणि चुकारा हाती येण्याची वाट पाहावी. पण याच कापसाच्या पोटी महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जुगार जन्मला, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईच्या कापूस बाजारात तारायंत्राने येत. तो आकडा काय येईल, यावर लोक पैसे लावीत. त्यालाच ‘आकडा’ म्हणू लागले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्दही तेथलेच. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणे थांबले. आता जुगार बुडाला असे वाटावे, तर 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा मटका चालू केला. कापूस राहिला नाही, भाव राहिला नाही, नुसता आकडा राहिला. मडक्यातून चिठ्ठी काढावयाची म्हणून मटका. पुढे मडकेही गेले आणि पत्ते आले, पण नाव गेले नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांपासून तो खेड्यापाड्यांत पसरला. ज्याने कापूस पिकविला, त्याच्याच खिशात कापसाचा आकडा परत हात घालू लागला.

आपण बायका घरखर्चाचा हिशेब करतो, तसा याचाही करून पाहा. शून्यापासून नवापर्यंत आकडे दहा. लागलेल्या एका आकड्याला देतात नऊपट. समजा, दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला. गेले दहा रुपये, आणि आकडा कोणताही येवो, हाती आले नऊ. सगळे आकडे आपले असूनही एक रुपयाचा खड्डा! मग एकाच आकड्यावर रोज लावणाराचे काय होत असेल? यात नशिबाचा प्रश्नच नाही, ही साधी वजाबाकी आहे. बिंग फुटते ते येथे.

यंदा आपल्या मंडळात हौजी ठेवावी, वीस रुपये तिकीट लावावे आणि रोख बक्षिसे द्यावीत, अशी सूचना आली तेव्हा पुष्कळ जणींना ती पसंत पडली. पण आमच्या आळीतील एक भगिनी उभी राहिली. तिच्या घरात एका वर्षी कापसाचा सगळा चुकारा आठ दिवसांत आकड्यात गेला होता. दोन लेकरांच्या शाळेचे पैसे त्यातच होते. ती एवढेच म्हणाली, “तुमी खेळ म्हणता बाई, पण माह्या घरची चूल ह्याच आकड्यानं इझली. पैशाचं असंल तर मी येनार नाही.” सभेत कोणी काही बोलेना.

काही जणींचे म्हणणे होते की वीस रुपयांत कोणाचे घर बुडत नाही. तेही खोटे नाही. पण मला वाटते, प्रश्न वीस रुपयांचा नव्हता. आपल्यातली एक जण आपल्या सतरंजीवर बसू शकणार नसेल, तर तो खेळ मंडळाचा कसा? शिवाय नुसत्या नशिबावर पैसे लावून खेळणे आपल्या राज्यात 1887 सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्यात बसते. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचे जे प्रकार निघाले होते, त्यांच्यावर तर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. कायदा दारापाशी येण्याची वाट आपण कशाला पाहावी?

अखेर असे ठरले की तिकीट विकावयाचे नाही. प्रत्येकीने घरून एक लहानशी वस्तू आणावी, कोणी वाटी, कोणी कुंकवाची डबी, कोणी मूठभर भेंडीचे बी, कोणी स्वतः केलेला सांडग्यांचा पुडा. तीच बक्षिसे. जिला काही लागले नाही तिचे गेले तर एक वाटी, आणि तीही शेजारणीच्याच घरी. हा ठराव ऐकून ती भगिनी म्हणाली, “मंग आकडे काढायचं काम माह्याकडं द्या. लबाडी होते का नाही, मी पाहीन!” सर्व जणी हसल्या आणि ते काम तिला दिले. नेपल्समध्ये आकडे चौकातून घरात आले, तसेच हे झाले. खेळ चांगला की वाईट, हे ठरविण्यास माझ्या अल्पबुद्धीला एकच माप सापडले आहे. खेळ संपल्यावर पैसा कोठे गेला, ते पाहावे.

आता एक लाभ सांगून लेख संपविते. आपल्या मंडळात काही वडीलधाऱ्या बाया आहेत, ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही. बाजारातला हिशेब त्यांचा तोंडी पक्का, पण लिहिलेला आकडा ओळखता येत नसे. त्यातून आपल्या मराठीची एक गंमत अशी की लिहिताना दोन आधी आणि पाच नंतर, पण म्हणताना ‘पंचवीस’, म्हणजे पाच आधी! पंचवीस आणि बावन्न यांत भल्याभल्यांचा घोटाळा होतो. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी सोपी रीत सुचविली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! आपल्या हौजीत तो प्रश्न कधीचाच सुटला आहे. ‘दोन पाच पंचवीस’ असे पुकारले की डोळा पाटीवर जातो, कान शब्दावर जातो, आणि बोट बरोबर घरावर पडते.

पुकाऱ्याला आम्ही आपली जोडही दिली. पाच म्हणजे पांडव, सात म्हणजे सप्तपदी, सोळा म्हणजे सोमवार, अठरा म्हणजे भारताची पर्वे, छत्तीस म्हणजे नवराबायको, साठ म्हणजे महाराष्ट्राचे जन्मवर्ष, चौसष्ट म्हणजे कला. सरावासाठी चार वेळा बसलो तेवढ्यात एक आजीबाई एसटीच्या पाटीवरचे आकडे वाचू लागल्या. दुसरीने सिलिंडरची पावती सुनेकडे न देता स्वतः पाहिली. जर्मनीतल्या मुलांना जे या खेळाने दिले, ते आपल्या साठीच्या बायांनाही मिळाले.

तेव्हा भगिनींनो, हौसेने हौजी खेळा. सोयऱ्याधायऱ्यांत, लग्नाच्या घरी, मुलांच्या सुट्टीत खेळा. मुलांना मांडीवर घेऊन आकडे ओळखावयास लावा. मात्र कोणी म्हणाले, ‘दहाचे शंभर होतील,’ तर तेथेच त्याला दहा आकडे आणि नऊ रुपयांचा हिशेब विचारा. ‘घर भरले’ असे आपण ज्या तोंडाने ओरडतो, त्याच तोंडाने कोणाचे घर रिते होऊ नये, एवढी काळजी आपणा सर्व जणींची आहे.

आपल्या मंडळाची सतरंजी दरवर्षी मोठी होत जावो आणि तिच्यावर प्रत्येकीला जागा मिळो, अशी ईश्वरचरणी प्रार्थना करून लेखणी खाली ठेवते.

— मंडळाची एक सभासद, मारेगाव